जुलैतला शिमगा

“हा पाहुणा माझा आहे,” बी रुकिया म्हणाली आणि तिने माझ्या वडिलांचा डावा हात धरला.

उजवा हात शेजारच्या बी किदावाने आधीच धरला होता. दोघींच्या मधोमध बाबा उभे होते. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, वरपर्यंत लावलेली गुंडी, आणि ज्याला आयुष्यात कुणी असे दोन्ही बाजूंनी ओढले नाही अशा माणसाचा चेहरा.

“काय म्हणतायत या?” त्यांनी मला विचारले.

“तुम्ही कुणाचे पाहुणे, यावरून भांडतायत.”

“माझ्यावरून?”

“हो.”

“दोघी?”

“हो, बाबा.”

चष्मा सारखा करावा असे त्यांना वाटले असणार, पण हात मोकळा नव्हता. त्यांनी नुसता घसा खाकरला. “मग लगेच सोडवू नकोस,” ते म्हणाले.

झांजिबारच्या बेटाच्या दक्षिण टोकाला मी ज्या गावात राहत होतो, तिथे जुलै महिन्यात जुन्या पंचांगाचे नवे वर्ष सुरू होते. त्या दिवशी एकही घर पाहुण्यावाचून असू नये, अशी रीत आहे. ज्या घरी त्या दिवशी परके माणूस जेवत नाही, त्या घरावर वर्षभर कुणाची सावली पडत नाही म्हणतात. बी म्हणजे आपल्याकडचे बाई. बी रुकिया माझी घरमालकीण. शेवाळापासून साबण करणाऱ्या बायकांच्या ज्या सहकारी संस्थेत मी रसायनाचे काम पाहत होतो, तिची ती अध्यक्षही होती. बी किदावा तिची शेजारीण, आणि बी रुकियाच्याच शब्दांत सांगायचे तर तिच्या आयुष्यातली आठवड्याला एकदा येणारी डोकेदुखी.

“तो झोपतो माझ्या छपराखाली,” बी रुकिया म्हणाली.

“म्हणजे तो भाडेकरूचा बाप झाला. भाडेकरूचा बाप पाहुणा कसा होईल?”

“गेल्या वर्षी तू जावयाला पाहुणा म्हणून बसवलंस, तेव्हा कुणी काही बोललं?”

“जावई पाहुणाच असतो. किती खातो ते बघितलंस तर कळेल.”

शेवटी सकाळची न्याहारी एकीकडे आणि दुपारचे जेवण दुसरीकडे असा तह झाला. बाबांना मी तो सांगितला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “संध्याकाळचं कुणाकडे आहे?”

आई गेल्याला तेव्हा दोन वर्षे होत होती. या दोन वर्षांत मी त्यांना चेष्टा करताना ऐकले नव्हते. खरे म्हणजे त्याआधीही फारसे नाही. आमच्या घरात हसणे आईच्या खात्याचे होते. आम्ही दोघे तिच्या दोन बाजूंना बसून मुकाट्याने जेवणारी माणसे होतो. बाबा एसटीच्या कार्यशाळेत फोरमन होते. इंजिनाचा आवाज ऐकून त्यात काय बिघडले आहे ते त्यांना सांगता येई. माझा आवाज ऐकून त्यांना काही सांगता आले असते की नाही, ते ठरवायला पुरेसा आवाज मी कधी केलाच नाही.

लावणी आटपून, शेत चुलतभावाच्या भरवशावर टाकून, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून ते आले होते, ते मला न्यायला. माझा दोन वर्षांचा करार संपत होता. आमच्या नात्यातल्या तात्या ओगल्यांनी गुहागरजवळ आंब्याचा रस डब्यात भरण्याचा कारखाना काढला होता आणि तिथल्या प्रयोगशाळेतली जागा बाबांनी माझ्यासाठी पक्की केली होती. दोघांची तिकिटे दुसऱ्या दिवशीची होती. माझे कपडे रोज थोडे थोडे बाबाच घड्या घालून बॅगेत भरत होते. शिवण जुळवून, गुंड्या लावून, आई घालायची तशाच घड्या.

आणि मी जाणार नव्हतो. पावसाळ्याआधीच मी संस्थेला राहतो म्हणून सांगितले होते. उथळ पाण्यातले शेवाळ उन्हाने मरू लागले होते, ते खोल पाण्यात जाळ्यांवर वाढवायचे आमचे काम नुकते मार्गी लागत होते. पण खरे कारण तेवढेच नव्हते. स्वाहिली मी मोठेपणी शिकलो. त्या भाषेत मला लहानपणी कुणी गप्प बसवलेले नव्हते. त्या भाषेत मी थट्टा करत असे, वाद घालत असे, बाजारात कोळ्यांशी हुज्जत घालत असे. त्या भाषेतला मी मला आवडू लागलो होतो.

गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एका बाबांना सोडून.

न्याहारीला बी रुकियाने वेलदोडा घातलेल्या, तळलेल्या गोड पुऱ्या केल्या होत्या. “घारगेच की हे!” बाबा म्हणाले. मग तिने फणस कापला. त्याचे तिथले नाव फेनेसी, हे कळल्यावर बाबांना इतका आनंद झाला की प्रत्येक गरा उचलताना ते एकदा फणस आणि एकदा फेनेसी म्हणू लागले. बी रुकिया हसली आणि त्यांच्यासमोरच, त्यांच्याकडेच पाहत, मला म्हणाली, “सांगितलंस का?”

“नाही.”

“कधी सांगणार? नाव सुटल्यावर किनाऱ्यावरून ओरडणार आहेस?”

“काय म्हणतायत?” बाबांनी विचारले.

“आणखी घ्या म्हणतायत.”

बाबांनी आणखी घेतला. बी रुकियाने हात जोडल्यासारखे करून त्यांचे कौतुक केले आणि त्याच गोड सुरात मला सुनावले, “माझं ऐक. एका बाईने तुला जन्म दिला, दोन वर्षं मी तुला वाढलं, आणि आमच्यापैकी एकीनेही तुला उंदीर म्हणून वाढवलं नाही. आज सूर्य बुडायच्या आत तू सांगितलं नाहीस, तर मी सांगेन.”

“तुम्हाला मराठी कुठे येतं?”

“हातांनी सांगेन.”

“आता काय म्हणाल्या?”

“तुमचा सदरा छान आहे म्हणाल्या.”

बाबांनी सदऱ्याकडे पाहिले. “एवढं मोठं वाक्य होतं,” ते म्हणाले.

ऊन चढले तसे सारे गाव मैदानाकडे निघाले. बायकांनी ठेवणीतली रंगीत कापडे नेसली होती, डोळ्यांत काजळ होते, आणि जुईसारख्या फुलांच्या वासाची एक लाटच वाटेवरून चालली होती. पुरुषांचा अवतार अगदी उलटा. कुणी फाटकी पोती पांघरली होती, कुणी बायकोचा झगा चढवला होता, एकाने डोक्यावर भोपळ्याची टोपी घातली होती. आणि प्रत्येकाच्या हातात केळीचा दांडा होता, ओला, जाड, पाणी गळणारा.

“हे कशाला?” बाबांनी विचारले.

मी त्यांना रीत समजावून सांगितली. गावाचे दोन भाग, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. आज दोन्हीकडचे पुरुष एकमेकांना या दांड्यांनी मारतात. वर्षभरात ज्याच्यावर ज्याचा राग साठला असेल, तो त्याला शोधून काढतो, मोठ्याने तक्रार सांगतो आणि मारतो. दुसऱ्यानेही परत मारायचे. बायका भोवती उभ्या राहून गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांत कुणाचीही गय करत नाहीत.

“म्हणजे शिमगाच की!” बाबा म्हणाले. “बोंब मारायची, मनातलं ओकायचं, आणि होळी पेटवायची.”

“होळीही पेटते. शेवटी एक झोपडी जाळतात.”

हे ऐकून ते थांबलेच. आमच्याबरोबर संस्थेची होडी चालवणारा उस्सी होता. उंच, सडपातळ, पंचविशीचा, आणि आज अंगात आपल्या आजीचा झगा घातलेला. बाबांनी त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली, आणि ज्या गांभीर्याने ते एकेकाळी नव्या गाडीची माहिती विचारत, त्याच गांभीर्याने.

“मारायला वयाची अट आहे का?”

“नाही,” उस्सी म्हणाला. मी दोन्हीकडची भाषांतरे करत होतो. “आज सगळे सारख्या वयाचे.”

“कारण सांगावंच लागतं?”

“सांगितल्याशिवाय मारलं तर ती नुसती मारामारी झाली.”

“आणि नंतर?”

“झोपडी जळली की राग जळला. मग तो विषय पुन्हा काढायचा नाही.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही. नवा राग जमवायचा, पुढच्या वर्षासाठी.”

बाबा पुन्हा चालू लागले. मग म्हणाले, “आमच्या डेपोत ही पद्धत असती, तर निम्म्या गाड्या वेळेवर सुटल्या असत्या.”

मैदानावर नुसता कल्लोळ होता. आरोळ्या, दांड्यांचे फटफट आवाज, उडणारी वाळू. एक लठ्ठ दुकानदार आपल्या मेहुण्याच्या मागे धावत होता आणि शेळीबद्दल काहीतरी ओरडत होता. मेहुणा पळता पळता शेळी आजारीच होती असे सांगत होता. दोन म्हातारे एकमेकांचा हात धरून, तोल सांभाळत, आळीपाळीने मारत होते. फटका बसला की मार खाणारा हसे, आणि त्याला हसताना पाहून मारणारा आणखी हसे. काही केल्या त्या गोंधळात गंभीर राहता येत नव्हते. बाबा कडेला उभे राहून पाहत होते आणि त्यांचे खांदे नकळत प्रत्येक फटक्याबरोबर हलत होते.

तेवढ्यात बायकांचे वर्तुळ आमच्याकडे सरकले. पुढे बी रुकिया होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले. तिने गाणे उचलले, बाकीच्यांनी झेलले. आपल्या बोलीत त्याचा अर्थ साधारण असा होईल:

समुद्राशी बोलतो, शेवाळाशी बोलतो,
बाप दिसला की तोंडाला कुलूप घालतो.
किल्ली कुणाकडे, गं बायांनो, किल्ली कुणाकडे?

“काय गातायत?” बाबांनी विचारले.

“पावसाचं गाणं आहे.”

“पावसाचं? मग सगळ्या तुझ्याकडे बोट का दाखवतायत?”

“रीत आहे.”

“हं,” बाबा म्हणाले. त्या ‘हं’मध्ये इंजिनाचे झाकण उघडल्याचा आवाज होता.

वर्तुळ आमच्याभोवती मिटले. आता मागे जायला वाट नव्हती. उस्सीने एक दांडा माझ्या हातात कोंबला आणि दुसरा, काय मनात आले कुणास ठाऊक, बाबांपुढे धरला. लगेच बी किदावा गर्दी फोडून आत आली. “खबरदार! माझा दुपारचा पाहुणा आहे! पाहुण्याला मारतात का?”

“पाहुण्याला मारत नाहीत,” उस्सी म्हणाला. “पण पाहुण्यालाच कुणाला मारायचं असेल तर त्याला अडवतात असं कुठे आहे?”

बी किदावा विचारात पडली. बाबा माझ्याकडे वळले. “काय ठरतंय?”

“काही नाही, बाबा. तुम्ही मारू शकता का, असं विचारतायत. आपण जाऊ या.”

“कुणाला मारू शकतो?”

वर्तुळातली सगळी बोटे अजून माझ्याकडेच होती.

बाबांनी शांतपणे चष्मा काढला, मिटला आणि बी किदावाच्या हातात दिला. मग घड्याळ दिले. मग बाह्या दुमडल्या, एक, दोन, तीन घड्या, दोन्ही बाजूंना सारख्या. बायकांनी जिभेने जो लांबलचक किलकिलाट केला, त्याने झाडावरचे कावळे उडाले. बाबांनी दांडा हातात तोलून पाहिला.

“कारण सांगून मारायचं ना?”

“बाबा, हे काय—”

“हा तुझ्या रविवारच्या फोनसाठी!” ते ओरडले, आणि माझ्या खांद्यावर फट्कन दांडा बसला. गार पाणी मानेवरून आत ओघळले. “‘जेवलात का? बरं आहे ना? ठेवतो.’ अरे, ठेवतो काय ठेवतो! मी खुर्ची ओढून बसेपर्यंत तुझा फोन संपलेला असतो!”

“काय म्हणाले? काय म्हणाले?” चारी बाजूंनी लोक विचारू लागले. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की सगळ्या मैदानात मराठी जाणणारा दुसरा माणूस नाही, आणि माझ्यावरचे आरोपपत्र मलाच जाहीर वाचायचे आहे.

“फोनबद्दल,” मी म्हणालो. “मी फोनवर फार थोडं बोलतो म्हणून.”

“नीट सांग!” बी रुकिया गरजली. “सगळं सांग!”

मी सगळे सांगितले. ‘ठेवतो’ला हशा पिकला. बायकांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला आणि त्यावर ताल धरला. ठेवतो, ठेवतो, ठेवतो! बाबांनी स्वतःचा शब्द शंभर तोंडांतून ऐकला आणि त्यांच्या अंगात वारे शिरले.

“आणि हा लोणच्यासाठी!” दुसरा फटका दंडावर बसला. “तिच्या हातचं शेवटचं लोणचं! सगळी बरणी तू इथे घेऊन आलास! अर्धं तरी ठेवायचंस!”

“तुम्हीच ‘ने’ म्हणालात!”

“ने म्हणालो म्हणजे काय सगळी न्यायची?”

याचे मी भाषांतर केले. मग एका म्हातारीने डोक्याला हात लावला. “आईचं शेवटचं लोणचं?” ती म्हणाली. “बापाला न ठेवता?” क्षणात सगळ्या बायका बाबांच्या बाजूच्या झाल्या. “आणखी मार!” बी किदावा चष्मा उंचावून ओरडली. “माझ्या पाहुण्या, आणखी मार!”

“मार ना मला तू पण,” बाबा धापा टाकत म्हणाले. “रीत आहे ना?”

मी दांडा उचलला आणि त्यांच्या दंडाला हलकेच टेकवला.

“हा मार झाला? डास मारतोयस का?”

मी पुन्हा मारले. जरा जोरात.

“कारण!” ते ओरडले. “कारण कुठंय? कारणाशिवाय मारशील तर ती नुसती मारामारी!”

उस्सी हसून हसून खाली बसला होता. सूर्य डोक्यावर होता, बायका टाळ्या वाजवत होत्या, माझ्या सदऱ्यातून केळीचे पाणी ठिबकत होते, आणि माझ्या आत जे कितीतरी दिवस घशाशी येऊन परत फिरत होते, ते त्या गोंगाटात आपोआप वर आले. मी दांडा दोन्ही हातांनी उचलला आणि जीव खाऊन ओरडलो, “सितारुदी!”

साऱ्या मैदानाने एकच गर्जना केली. लोक उड्या मारू लागले. कुणीतरी ढोल बडवला. बी रुकियाने दोन्ही हात आकाशाकडे केले. दूर शेळीवरून भांडणारा दुकानदारही थांबून टाळ्या वाजवू लागला. मी विजयी वीरासारखा उभा होतो, दांडा तसाच वर धरलेला.

बाबा चष्म्याविना, डोळे बारीक करून, त्या आनंदोत्सवाकडे पाहत होते.

“काय म्हणालास?” त्यांनी विचारले.

सगळे समजले. प्रत्येकाला समजले. शब्द मी उच्चारला होता, पण तो पोहोचला ज्याला सांगायचे होते त्याच्याखेरीज सगळ्यांना. ढोल थांबला. बी रुकियाचे हात हळूहळू खाली आले. मी त्या भाषेत शूर होतो, आणि ती भाषा बाबांची नव्हती.

“काय म्हणालास रे?” त्यांनी पुन्हा विचारले, आता हळू आवाजात.

मी दांडा खाली घेतला. लहानपणी त्यांच्यासमोर पाढे म्हणताना राहायचो, तसा सरळ उभा राहिलो.

“बाबा, मी परत येणार नाही,” मी म्हणालो. “मी इथेच राहणार आहे. उद्या तुम्ही एकटे जा.”

त्या गर्दीत मराठीचा एक शब्दही कुणाला येत नव्हता, तरी आता काय बोलले गेले हे न समजलेला एकही माणूस तिथे नव्हता. समुद्राचा आवाज ऐकू येऊ लागला.

बाबांनी दांडा खाली टेकवला. “कधी ठरवलंस?”

“पावसाळ्याआधी.”

“पावसाळ्याआधी,” ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा बदलला. आधी मला वाटले ते रडणार. “पावसाळ्याआधी! आणि मी आल्यापासून तुझ्या सदऱ्यांच्या घड्या घालतोय! समोर बसून बघत होतास! एकदा एक बाही चुकली तर ‘बाबा, ती उलटी आहे’ म्हणालास! तेवढं सांगितलंस!”

आणि त्यांनी असा दांडा हाणला की तो माझ्या पाठीवर मोडून दोन तुकडे झाला.

“काय म्हणाले?” उस्सीने भीत भीत विचारले.

“सदऱ्यांबद्दल,” मी कसेबसे म्हणालो. “मी जाणार नव्हतो, आणि ते रोज माझे सदरे… बाही उलटी होती, ते मी…”

पुढे मला सांगता आले नाही, कारण मला हसू फुटले होते. ते थांबवता येईना. मैदान पुन्हा फुटले. बाबांनी हातातल्या तुकड्याकडे पाहिले आणि भर गर्दीत स्वच्छ मराठीत हुकूम सोडला, “दुसरा द्या!”

त्याचे भाषांतर लागले नाही. एकाच वेळी सात-आठ दांडे पुढे आले.

त्यानंतर मात्र मी खरोखर मारले. तात्यांना मला न विचारता हो म्हणालात त्यासाठी. ‘बघू’ या तुमच्या शब्दासाठी, ज्याचा अर्थ नेहमी ‘नाही’ असायचा त्यासाठी. आई आजारी असताना मला उशिरा कळवलेत त्यासाठी. हे मी ओरडलो नाही, पुटपुटलो, पण त्यांनी ऐकले आणि मार अंगावर घेतला, हात आडवा केला नाही. त्यांनीही मारले. काही कारणे मला समजली नाहीत, काही माझ्या जन्माआधीची असावीत. शेवटी आम्ही दोघेही वाळूत बसलो, केळीच्या चिंध्यांमध्ये, पाठीला पाठ लावून. त्यांची पाठ माझ्या पाठीवर हलत होती. ते हसत होते की धापा टाकत होते, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

मग झोपडीचा कार्यक्रम झाला. मैदानाच्या कडेला नारळीच्या वाळल्या झावळ्यांची एक लहान झोपडी उभी होती. गावचे वडीलधारे म्झे मकामे, सफेद दाढीचे, काठी टेकत चालणारे, त्या झोपडीत शिरले आणि कुणीतरी बाहेरून तिला आग लावली.

“अरे! तो म्हातारा आत आहे!” बाबा ताडकन उठले. माझा हात धरून मलाही ओढत नेऊ लागले. “पाणी आणा! सांग त्यांना, म्हातारा आत आहे!”

“बाबा, रीत आहे—”

“रीत गेली खड्ड्यात!”

इतक्यात मागच्या बाजूने म्झे मकामे सशासारखे बाहेर पडले आणि काठी खांद्यावर टाकून झुडपांकडे असे पळाले की कुणा तरुणाला लाज वाटावी. हशाने झाडे हलली. बाबा तोंड उघडे टाकून पाहत राहिले. मग सगळ्यांबरोबर तेही पुढे गेले आणि आपल्या हातातला दांडा आगीत टाकला. ओला असल्यामुळे तो आधी चरचरला, धुमसला, आणि बऱ्याच वेळाने पेटला. धूर वळून समुद्राकडे गेला, त्याचा अर्थ वर्ष चांगले जाणार असा असतो.

बी किदावाने चष्मा आणि घड्याळ परत दिले. चष्मा डोळ्यांवर चढवून बाबांनी राखेकडे नीट पाहिले. एखाद्या दुरुस्त झालेल्या गाडीकडे पाहावे तसे.

“जळलं सगळं?”

“हो. पण बाबा, मला तुम्हाला जरा समजावून सांगायचं होतं. ते काम—”

“जळलं ना?”

“हो.”

“मग आता विषय काढायचा नाही. नियम आहे.” ते बी किदावाकडे वळले. “चला. जेवायला काय आहे, विचार त्यांना.”

दुपारी ते नारळाच्या रसातली चवळी आणि भात पोटभर जेवले. गूळ घातला असता तर अगदी आपल्याकडची झाली असती, हे त्यांनी मला चार वेळा भाषांतर करायला लावले. नंतर सगळे गाव समुद्रात न्हायला उतरले, तेव्हा तेही पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले, आणि शेवाळाच्या बायका त्यांच्यावर पाणी उडवत ‘ठेवतो, ठेवतो’ गात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना बंदरावर पोहोचवले. माझे कपडे बॅगेतून काढून त्यांनी फळीवर रचून ठेवले होते, त्याच घड्यांसकट. बोटीत चढताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘पोहोचल्यावर कळवतो’ म्हणाले. दुसरे काही बोलले नाहीत.

आणि वर्षभर त्या विषयावर बोललेच नाहीत. रविवारचे फोन आता बराच वेळ चालू लागले. ते शेताचे सांगत, पावसाचे, तात्या ओगल्यांच्या कारखान्यात कोण लागले त्याचेही सांगत, पण कधी येतोस, का राहिलास, परत यावेसे वाटते का, यातला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी त्या न विचारण्याचा अर्थ लावत बसे. संध्याकाळी ओहोटीच्या वेळी जाळी तपासून परतताना मला वाटे, त्या दिवशी आगीत पडले ते वरवरचे. खोल जे होते ते तसेच ओले राहिले, आणि माणूस दुखावला की गप्प बसतो ही आमच्या घरची जुनी रीत पुन्हा सुरू झाली. मी बोलून मोकळा झालो होतो आणि बोलून त्यांना गमावून बसलो होतो, असे मला पक्के वाटू लागले.

पुढल्या जून महिन्यात एका मंगळवारी त्यांचा फोन आला. रविवार नव्हता, म्हणून मी घाबरून उचलला.

“यंदाची तारीख कधी आहे?” त्यांनी विचारले.

“कसली तारीख?”

“तुमच्या त्या मारामारीची. तिकीट काढायचंय.”

“बाबा, तुम्ही… मला वाटलं, तुम्ही रागावलायत. वर्षभर त्या विषयावर काही बोललाच नाहीत.”

“कसा बोलणार? जळलं होतं ना ते?” त्यांच्या आवाजात खरेखुरे आश्चर्य होते. “नियम पाळला मी. पण त्यानंतरचं बरंच साठलंय.”

“काय साठलंय?”

“आत्ता कसं सांगू? मैदानावर सांगेन.” पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला; ते नीट बसले असावेत. “आणि तू पण काहीतरी साठव. मागच्या खेपेला सुरुवातीला नुसता डास मारत होतास. एकट्याने मारण्यात काय गंमत?”